फिलूमावशी आणि वळचणीचा खड्डा

नेल्सनचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात खापरं जुळवत बसले होते. "नीला, मम्मी गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मी त्याला म्हणाले, "मला आधी का नाही कळवलंस?" आई गेल्याचं सांगणाऱ्या माणसाला मी आधी झापलं. हा माझा स्वभाव, काय करणार. तो बिचारा सांगत राहिला, की कळवण्यासारखं काही नव्हतंच. दुपारी व्यवस्थित जेवली, ताट स्वतः घासलं, खिडकीपाशी खुर्चीत बसली, आणि त्याची बायको शर्ली चार वाजता चहा घेऊन गेली तर... हातातलं खापर मी कुठल्या ट्रेमध्ये टाकलं ते मला अजून सापडलेलं नाही. मावशीने आधी त्यावरून माझी हजेरी घेतली असती आणि मग जेवलीस का म्हणून विचारलं असतं.

फिलोमिना हे नेल्सनच्या आईचं नाव, पण साऱ्या गावठाणाची ती फिलूमावशी. साकीनाक्याच्या वर्कशॉपांचा खडखडाट मागे टाकून अंधेरीच्या बाजूला दोन वळणं आत शिरलं, की टॉवरांच्या मधोमध अचानक कौलारू घरं लागतात, प्रत्येक तिठ्यावर क्रूस लागतो आणि टोकाला जुनं चर्च. तिथली ईस्ट इंडियन, म्हणजे मूळची मुंबईचीच मराठी ख्रिस्ती माणसं त्याला देऊळच म्हणतात. पोर्तुगीज काळातल्या त्या चर्चच्या चुन्याच्या भिंतींवर कुणीतरी भल्या बुद्धीने सिमेंट थापलं होतं, आणि आत कोंडलेल्या ओलीने भिंती पार सडत चालल्या होत्या. जतनाचं काम निघालं. सिमेंट खरवडायचं, पुन्हा चुना लावायचा आणि पाणी भिंतीपासून लांब न्यायला जोत्याभोवती मोरी काढायची. मोरी खणायची तर आधी त्या जमिनीत काय आहे ते बघायला हवं, म्हणून आम्ही पुरातत्त्ववाले चारजण, खुरप्या आणि ब्रश घेऊन. मी त्या चौघांत अनुभवाने मोठी, म्हणजे चुकलं तर शिव्या खाणारी.

मावशी तिथे आपलं बाळ शोधायला आली होती. साठेक वर्षांपूर्वी त्या चर्चच्या भिंतीलगत पुरलेलं. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण आम्हाला ते फार उशिरा कळलं आणि त्या उशिराचीच ही गोष्ट आहे. आम्हाला दिसत होती ती फक्त एक सत्तरी ओलांडलेली, लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली, जाडजूड म्हातारी, जी पहिल्या दिवशी सकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, आमच्या खणायच्या जागेभोवतीच्या दोरीलगत ती मांडून बसली आणि म्हणाली, "वळचणीकडची बाजू कवा खणणार?"

चर्चच्या मागच्या अंगाला छप्पर चांगलं हातभर पुढे आलंय. त्याच्या पागोळ्या जिथे पडतात ती अरुंद पट्टी म्हणजे ही वळचणीकडची बाजू. आमच्या नकाशात ती शेवटी होती. तसं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं, आणि मी म्हणाले, "मावशी, नुसतं बसून विचारत राहण्यापेक्षा जरा हात चालवा ना. हा टूथब्रश घ्या, ही बादली, आणि ही खापरं धुवा." वाटलं, कंटाळून घरी जाईल. कसलं काय! बाईने लुगडं खोचलं आणि संध्याकाळपर्यंत तीन ट्रे धुऊन, फडक्यावर ओळीने मांडून, प्रत्येकाशेजारी त्याचं लेबल दगडाखाली दाबून ठेवलं. आमच्यातल्या एम.ए. झालेल्या दोघांना ते कधी जमलं नव्हतं.

मग हाडं निघायला लागली. जुन्या चर्चच्या आवारात माणसं वर्षानुवर्षं जेवलेली असतात. सण, लग्नं, संतांचे दिवस. जेवणाचा उष्टा-खरकटा कचरा मागच्या अंगाला जातो, त्यामुळे मातीत हाडंच हाडं. आणि इथे माझी पंचाईत. मी खापरांमधली बाई. माझं माहेर मुलुंडचं, घर असं सोवळं की अंडंसुद्धा बाबा गॅलरीत स्टोव्हवर उकडायचे आणि आई दार लावून घ्यायची. हाडं मला पुस्तकातूनच माहीत, चित्रातली, खाली आकडे घातलेली. हाडांच्या जाणकार मॅडम पुण्याच्या, त्या शेवटी येऊन सगळं तपासणार होत्या. तोवर ढोबळ वर्गवारी मी करायची होती, आणि ती मी पुस्तक मांडीवर घेऊन, घाम पुसत करत होते. मावशीने दोन दिवस बघितलं. मग न राहवून पिशवीतलं एक हाड उचललं आणि म्हणाली, "बाय, हे बकऱ्याचं नाय, डुकराचं हाय. खांद्याचं. सरपोटेलाच्या रश्श्यात टाकताना आमी हितनं तोडतो, बग, सुऱ्याची खूण."

चाळीस वर्षं मावशीने लग्नांचा स्वयंपाक केला होता. गावठाणातली, मरोळपासून पार कांदिवलीपर्यंतची. तिच्या हाताखालून किती कोंबड्या, बदकं, डुकरं गेली असतील त्याची गणती नाही. हाड हातात घेतलं की ती डोळेसुद्धा फार वापरायची नाही, अंगठ्याने चाचपायची. "हे बदकाचं. बदकाचं हाड चिवट." "ही म्हातारी कोंबडी, हिला दोन तास शिजवली असंल तरी दात लागले नसतील." मी लिहून घ्यायचे आणि रात्री पुस्तकात ताडून बघायचे आणि ते बरोबर निघालं की मला जाम राग यायचा. नंतर पुण्याच्या मॅडमनी त्या पिशव्या तपासल्या तेव्हा विचारलं, "ही वर्गवारी कुणी केली?" मी म्हणाले, "लग्नाच्या आचारणीने." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

दोन महिने असे गेले. जेवायच्या सुट्टीत ती घरून फुगे घेऊन यायची, तळलेले गोल फुगे, आणि मी डबा उघडला की माझ्या दुधीच्या भाजीकडे बघून म्हणायची, "आजारी हाय का कोण घरात?" मला ती आवडायला लागली होती हे मी तिला कधी सांगितलं नाही. रोज निघताना मात्र तोच प्रश्न. वळचण कवा? मी म्हणायचे, होईल हो मावशी, पळून जातेय का ती. एकदाही मी विचारलं नाही की तुम्हाला त्या बाजूचं एवढं काय पडलंय. दुसऱ्यांच्या जमिनीत काय पुरलंय ते शोधायचं हा माझा धंदा, आणि रोज समोर बसणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही.

मे महिना उजाडला आणि मावशीच्या मोतीबिंदूची तारीख आली. डॉक्टरने सांगितलं, दहा दिवस धुळीत जायचं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच तिने माझा हात धरला. "नीला बाय, वळचण मी येईपरत्यान खणू नको. दहाच दिवस. थांबशील?" मी म्हणाले, "थांबेन." सहज म्हणाले. आपण म्हणतो ना, फोन करते, येऊन जाते, तसं.

आणि मी थांबले नाही. कारणं होती. पावसाळ्याआधी मोरी पूर्ण व्हायला हवी होती, मोरीचे लोक पाईप आणून बसले होते, आमचे सर रोज फोन करून विचारत होते की तुमची ती एक पट्टी कधी होणार. पाचव्या दिवशी मी वळचणीला खुरपी लावली. दोन दिवसांत उरकलं. माती पांढुरकी होती. छपराच्या पाण्याबरोबर भिंतीचा चुना शतकभर झिरपून झिरपून ती तशी झालेली. अशा मातीत हाड टिकतं, एरवी आपल्या पावसात त्याचं पाणी होतं. बारीक बारीक हाडं निघाली, काड्यांसारखी, तीन ठिकाणी. मला वाटलं, आला कोंबड्यांचा कचरा. नियम असा आहे, की जागा वेगळी तर पिशवी वेगळी, मग ते काहीही असो. हा नियम मी दुसऱ्यांना शिकवते. त्या दिवशी मी तिन्ही ठिकाणची हाडं एकाच पिशवीत टाकली आणि वर लिहिलं : "पक्षी, लहान प्राणी. जेवणातला कचरा." घाई होती, ऊन होतं, आणि मुळात मला त्यात रस नव्हता. दुसरं काही नाही.

मावशी अकराव्या दिवशी आली, डोळ्यांना काळा चष्मा लावून. खणलेली, पुन्हा बुजवायला काढलेली पट्टी तिने पाहिली. माझी जीभ सैल सुटली, मावशी, सर ऐकेनात, पाईपवाले थांबेनात, आणि तसंही तिथे काही निघालं नाही हो, कोंबड्यांची हाडं नुसती. तिने खुर्ची ओढली, बादली पुढ्यात घेतली आणि हात पसरला. मी पिशवी दिली.

पहिलं हाड तिने बोटांत धरलं, अंगठा फिरवला, आणि अंगठा थांबला. पुन्हा फिरवला. मग चष्मा काढला, डॉक्टरने बजावलं होतं तरी. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. पापडाच्या तुकड्याएवढं पातळ, किंचित वळलेलं एक होतं, ते तळहातावर ठेवून ती किती तरी वेळ बघत राहिली.

"ही कोंबडी नाय," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"कोंबडीच्या हाडाना दोन्ही टोकाना गाठ असते. ह्याना टोकच नाय, बग. अर्धवट हाय. कोवळं हाय."

मी माझं पुस्तकी ज्ञान पाजळलं. म्हणाले, "पिल्लाचं असेल. पिल्लाची टोकं भरलेली नसतात."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "एवढं लहान पिल्लू कोण कापतं, बाय?"

तेव्हा मला कळलं. तिने हाडं एकेक करून पदरात घेतली आणि तिथेच, बादलीशेजारी, सगळं सांगितलं. ती रडत नव्हती. ती एकोणीस वर्षांची असताना पहिलटकरीण म्हणून बाळंत झाली. मुलगी. दुपारी जन्मली, दिवेलागणीला गेली. फादरना बोलवायला माणूस गेला होता, तो पोचेपर्यंत उशीर झाला. बाप्तिस्मा नाही म्हणून सिमेट्रीत जागा नाही, असं सासू म्हणाली, आणि सासूपुढे घरात कुणाचं चालत नव्हतं. सासऱ्याने बाळ फडक्यात गुंडाळलं आणि देवळामागे वळचणीखाली पुरून आला. मावशीला तो एवढंच म्हणाला, की देवळाच्या छपरावरचं पाणी पडेल तिच्यावर, तोच बाप्तिस्मा समज. नेमकी कुठली जागा, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारायचं नव्हतं. बाळाचं नाव घरात पुन्हा निघालं नाही, कारण नाव ठेवलंच नव्हतं.

"कुणीबी पानी घातलं असतं तरी चालत होतं," ती म्हणाली. "सुईण, मी, कोनबी. घाईच्या टायमाला चालतं. हे मना मागाहून कळलं. नेल्सनच्या वख्ताला. आदी म्हाईत असतं तर मीच नसतं का घातलं? लोटा उशालाच होता."

मी तिच्या पदरातली हाडं बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. तीन ठिकाणं. एक पिशवी.

पुण्याच्या मॅडम तातडीने आल्या. फादरना सांगितलं, पोलीस चौकीत कळवलं. हवालदार आला, त्याने टोपी काढून खड्ड्यात बघितलं, कागदावर सही घेतली आणि गेला. मॅडमनी टेबलावर पांढरा कपडा घालून हाडं मांडली. उजवी मांडी, उजवी मांडी, उजवी मांडी... पुन्हा एक. उजव्या मांड्या चार, म्हणजे बाळं चार तरी होती, एका जागी निदान दोन. म्हणजे गावठाणात हे दु:ख एकट्या मावशीचं नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी फडक्यातलं गाठोडं घेऊन त्या वळचणीला आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "कुठल्या जागेतून कुठलं आलं ते सांग, म्हणजे निदान ठिकाणाप्रमाणे वेगळी करू." मी म्हणाले, "नाही सांगता येणार. मी एकत्र केलीत." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मावशीला मीच सांगितलं. ती माझी जबाबदारी होती, आणि तसंही दुसऱ्या कुणाला ढकलायची माझी हिंमत नव्हती. तिने ऐकून घेतलं. "म्हणजे हाय त्यात, पण कोनतं ते नाय समजणार." मी मान हलवली. "तुना मी थांब बोललेलं," ती म्हणाली. खुर्ची उचलली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. खुर्चीच्या जागी मातीत चार खळगे पडले होते, त्यावरून येता-जाता पाय अडखळायचा. सहाव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. शर्लीने दार उघडलं आणि डोळ्यांनीच स्वयंपाकघर दाखवलं. मावशी कांदे चिरत होती. मी घरून नीट पाठ करून आलेली माफी तोंडात गोळा केली, तेवढ्यात तिने लसणीचा एक मोठा गड्डा माझ्यापुढे सरकवला. मी सोलायला बसले. अर्धा गड्डा सोलून झाला. मग मी म्हणाले, की एक तपासणी असते, हाडावरून रक्ताचं नातं कळतं, तुमच्या थुंकीचा नमुना घेतील, हाड लॅबमध्ये पाठवतील. वेळ लागेल, पण तुमचं बाळ वेगळं काढता येईल कदाचित. खर्चाचं, परवानगीचं मी बघेन. मी हे सगळं फार उत्साहाने सांगत होते, कारण ते जमलं असतं तर माझी चूक पुसली गेली असती. हे मला तेव्हा कळत होतं आणि तरी मी बोलत राहिले.

"हाडाचं काय करतात?" तिने विचारलं.

"थोडंसं घ्यावं लागतं. पूड करतात त्याची."

"चारी पोरांची?"

"हो, प्रत्येकातलं थोडं."

तिने सुरी खाली ठेवली. "नको," म्हणाली. "माजं एक सापडायला बाकीच्यांची पूड नको. ती काय माजी नाय, मना विचारायचा हक नाय." आणि मग, मला वाटलं आता ती माफ केलं म्हणेल, तर ती म्हणाली, "लसूण नीट सोल. साल ऱ्हातंय."

रिपोर्ट लिहायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "प्राथमिक वर्गवारीत काही त्रुटी राहिल्या, असं लिही. पुरे आहे." चांगला माणूस, माझ्याच भल्यासाठी सांगत होता. मी कधी नव्हे ते त्यांचं ऐकलं नाही. मी लिहिलं, की ही हाडं तीन ठिकाणी सापडली, ती मी एकत्र केली, ओळखण्यात माझी चूक झाली, आणि ती गावातल्या एका अनुभवी आचारणीने ओळखली. मावशीला नाव घालू का विचारलं तर म्हणाली, नको, माजं नाव आलं की लोक विचारतील कशाला गेलेली तिकडं. पण ते वाक्य मात्र तिने माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं. दोनदा. मग म्हणाली, "कोंबडी लिवलं नाय तू. कोंबडी समजली, ते लिव." लिहिलं. आमच्या त्या गंभीर रिपोर्टात आजही तो शब्द आहे. एका परिषदेत कुणीतरी त्यावर हसलं, आणि माझा चेहरा बघून थांबलं.

मोरी हातभर बाहेरून नेली आणि वळचणीची पट्टी मोकळी सोडली. पाईपवाले कुरकुरले, मी त्यांच्यावर सगळा राग काढला. नेल्सनने साध्या फळ्यांची पेटी केली. मावशीने आपलं लग्नातलं लुगडं फाडून त्याचे चार तुकडे केले. चार कशाला, एकत्रच तर आहेत, असं शर्ली हळूच म्हणाली, तर तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एकावर एक चारही घड्या आत अंथरल्या. त्या सकाळी गावठाणातल्या आणखी तीन म्हाताऱ्या आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. एकीच्या हातात शेवंती होती. त्या कशासाठी आल्या ते त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, आणि मावशीने सरकून त्यांना बाकावर जागा केली. फादरनी प्रार्थनेआधी विचारलं, की तुमच्या बाळासाठी एखादं नाव घ्यायचं का? मावशी म्हणाली, "नको फादर. बाकीच्यांना नाय, तर माज्याच एकीला कशाला." पेटी खाली गेली. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मी मागे उभी होते, माझा काय संबंध म्हणून. मावशीने मागे न बघता हात केला, इकडे ये असा. मी पण माती टाकली.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं तिचा आठवड्याला एक फोन. "जेवलीस? काय? परत दुधी?" मी कुठेही खणत असले तरी. कधी एखादं हाड अडलं तर मी फोटो पाठवायचे आणि ती नेल्सनच्या फोनवर बघून म्हणायची, असं काय समजतं व्हय, हातात दे. मग मी कधी बसने, कधी रिक्षाने ते घेऊन तिच्याकडे जायचे. माझी आई म्हणायची, हाडं घेऊन कसली फिरतेस गं. एकदा धीर करून मी मावशीला सरळच विचारलं, की तू मला माफ केलंस का? तिला तो प्रश्न आवडला नाही. मसाल्याच्या मिरच्या उन्हात परतत होती. सगळ्या उलटून झाल्यावर म्हणाली, "मरोळच्या एका लग्नात माजं सरपोटेल करपलं. सगळं. त्या बायना आजून आठवतं, मी गेली की बोलून दाखवते. पण मागून तिच्या तिन्ही पोरींची लग्नं झाली, जेवण माजंच." एवढंच. मी ते घेऊन घरी आले. करपलं ते करपलंच, पण बोलावणं बंद झालं नाही. मला तेवढं पुरलं. पुरवून घेतलं म्हणा.

ती गेल्यावर महिन्याने नेल्सनने मला घरी बोलावलं. देवळात मिसा झाली होती आणि संध्याकाळी घरी रोझरी होती. मला त्या प्रार्थना येत नाहीत. मी भिंतीला टेकून, शर्लीने दिलेल्या पाटावर बसले. देव्हाऱ्यापुढे मेणबत्ती लावली होती. शेवटी त्यांच्या घरात गेलेल्या माणसांची नावं घेतात, प्रत्येकासाठी एक नमो मारिया म्हणतात. नेल्सनने सुरू करण्याआधी मला सांगितलं, "नीला, मम्मीची एक सवय होती. आमचे आजोबा, आजी, पप्पा, सगळ्यांची नावं झाली ना, की एक नमो मारिया ती मोठ्याने म्हणायचीच नाही. नुसते ओठ हलायचे. आम्हाला वाटायचं, दमली असेल. मी लहानपणी एकदा मध्येच आमेन करून उठलो, तर अशी थोबाडीत बसली... कशासाठी बसली ते मला त्या पेटीच्या दिवशी कळलं."

मग त्याने नावं घ्यायला सुरुवात केली. आजोबांचं, आजीचं, पप्पांचं. सगळ्यांनी मागोमाग म्हटलं. त्यानंतर त्याने आईचं नाव घेतलं, फिलोमिना, पहिल्यांदाच त्या यादीत. तेही झालं. आणि तो थांबला. शर्ली थांबली. कुणी आमेन म्हटलं नाही, कुणी उठलं नाही. एक नमो मारिया म्हणायला लागतो तेवढा वेळ घरात नुसता पंख्याचा आवाज होता.

यादीत शेवटचं नाव आता मावशीचं आहे. तिच्यानंतर कुणी नाही, फक्त ती गप्प जागा. नेल्सनने क्रूसाची खूण केली, आमेन म्हटलं, आणि शर्ली माझ्याकडे वळून म्हणाली, "जेवूनच जायचं हं. तुझ्यासाठी दुधी केलाय."